वायफाय जोडलेलं, तरी नेट बंद: 'बोगस' डीएचसीपी सर्व्हर म्हणजे काय आणि स्विच त्याला कसं अडवतो?

विदर्भात कारंजा नावाचे दोन तालुके आहेत. एक वाशिम जिल्ह्यातला, कारंजा (लाड). दुसरा वर्धा जिल्ह्यातला, नागपूर-अमरावती महामार्गावरचा कारंजा (घाडगे). त्यामुळे पार्सलवर नुसतं 'कारंजा' लिहिलं तर ते कुठे उतरेल याचा नेम नाही. कंसातला एक शब्द राहून गेला की घाडग्यांची वस्तू लाडांकडे.

निदान इथे पत्ता माणूस लिहितो, त्यामुळे चूक त्याच्या हातात असते. कम्प्युटरचं तसं नाही. तो नेटवर्कला जोडला गेला की स्वतःसाठी पत्ता मागतो आणि जो पहिल्यांदा उत्तर देईल त्याचा पत्ता मुकाट घेतो. उत्तर देणारा खरा आहे की भलताच कोणी, हे तो विचारत नाही. या एका सवयीमुळे शाळेची अख्खी लॅब, बँकेची शाखा किंवा ग्रामपंचायतीचं ऑफिस अर्धा दिवस ठप्प होऊ शकतं. ते होऊ नये यासाठीची सोय बऱ्याच चांगल्या स्विचमध्ये आधीपासूनच असते, फक्त अनेक ठिकाणी ती कुणी चालू केलेली नसते.

नेमकं काय होतं?

समजा, कारंजा (घाडगे) मधल्या एखाद्या कॉलेजची कम्प्युटर लॅब आहे. ४० कम्प्युटर, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची शेवटची तारीख, बाहेर मुलांची रांग. साडेअकराला अचानक काही कम्प्युटरवर नेट चालत नाही. काहींवर मात्र व्यवस्थित चालतं. बंद पडलेला रीस्टार्ट केला की कधी सुरू होतो, कधी नाही. शेजारचा, जो आत्तापर्यंत ठीक होता, तो रीस्टार्ट केल्यावर बिघडतो.

लॅब असिस्टंट नेटवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, "सर, आमच्याकडून लाईन चालू आहे." ते खरंच असतं. केबल तपासल्या जातात, त्या ठीक असतात. अँटिव्हायरस फिरवला जातो, त्याला काही सापडत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्हही जोडलेलंच दिसतं.

कारण बसलेलं असतं स्टाफरूमच्या कपाटामागे. तिथे वायफायची रेंज येत नव्हती म्हणून कुणीतरी घरचा जुना राऊटर आणून भिंतीतल्या केबलला जोडला. हेतू चांगला होता. पण त्या हजार-बाराशेच्या डब्याने आता अख्ख्या कॉलेजला पत्ते वाटायला सुरुवात केली आहे.

नेटवर्कच्या भाषेत याला रोग डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. इंग्रजीतल्या 'रोग' चा अर्थ उंडारलेला, कुणाच्या ताब्यात नसलेला. देवनागरीत तो शब्द वेगळाच वाचला जातो, आणि लक्षणं पाहता तेही फार चुकीचं नाही. आपल्याकडे 'बोगस' म्हटलं की लगेच कळतं, म्हणून इथे तोच शब्द वापरूया.

पत्ता मिळतो कसा?

डीएचसीपी म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. नाव अवघड आहे, काम सोपं. कम्प्युटर, मोबाईल, प्रिंटर, कॅमेरा, जे काही नेटवर्कला जोडलं जाईल त्याला आपोआप पत्ता द्यायचा. तुमच्या घरातला वायफाय राऊटरही हेच काम करतो.

नवा कम्प्युटर जोडला गेला की तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो: 'पत्ता देणारा कोणी आहे का?' डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो: 'हा घे, हा पत्ता मोकळा आहे.' कम्प्युटर म्हणतो, 'ठीक, हाच मी घेतो.' सर्व्हर शिक्कामोर्तब करतो, 'दिला.' या चार पायऱ्यांना डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि ॲक्नॉलेजमेंट म्हणतात. सगळं मिळून बहुतेक वेळा डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

पण सर्व्हर फक्त पत्ता देत नाही. त्याच्यासोबत आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी येतात. एक गेटवे, म्हणजे नेटवर्कच्या बाहेर जायचं असेल तर कोणत्या दारातून जायचं. दुसरी डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितलं की तिचा नंबर कोणाला विचारायचा. शिवाय हा पत्ता किती वेळ वापरता येईल याची मुदत ठरलेली असते, तिला लीज म्हणतात. भाड्याच्या खोलीसारखंच. मुदत निम्मी सरली की कम्प्युटर ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच जाऊन ती वाढवून घेतो.

आता यातली गोम बघा. हाक सगळ्यांसाठी असते, त्यामुळे उत्तर कुणीही देऊ शकतो. दोन उत्तरं आली तर बहुतेक यंत्रं पहिलं येईल ते घेतात. आणि दार कोणतं, नाव कोणाला विचारायचं, हे एकदा ज्याने सांगितलं, त्याच्या हातात त्या कम्प्युटरचा पुढचा सगळा प्रवास जातो.

ही त्रुटी कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. डीएचसीपीचं पहिलं मानक १९९३ चं. आज वापरात असलेल्या पद्धतीचा पाया असलेला दस्तऐवज मार्च १९९७ मध्ये आला, तो अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रोम्स यांनी लिहिला. त्यातच सुरक्षेबद्दलच्या भागात स्पष्ट नोंद आहे की ही पद्धत बरीच असुरक्षित आहे, परवानगी नसलेले सर्व्हर सहज उभे करता येतील आणि ते चुकीचे पत्ते, चुकीचे रस्ते, चुकीचे नेमसर्व्हर सांगू शकतील. म्हणजे दोष औषधाच्या पाकिटावर छापूनच आला होता.

मग तो दुरुस्त का केला नाही? कारण अडचण मुळातली आहे. नवा कम्प्युटर नेटवर्कवर येतो तेव्हा त्याला कोणीच ओळखत नाही आणि तोही कुणाला ओळखत नाही. खऱ्या सर्व्हरची ओळख पटवायची तर एखादी गुप्त किल्ली प्रत्येक यंत्रात आधीच भरून ठेवावी लागेल. २००१ मध्ये तसं मानक आलंही. पण प्रत्येक मोबाईलमध्ये आणि प्रिंटरमध्ये हाताने किल्ली भरायची असेल तर आपोआप पत्ता मिळण्याचा फायदा काय? ते मानक कागदावरच राहिलं.

उलटी लागलेली केबल

पुन्हा स्टाफरूममधल्या त्या राऊटरकडे. घरगुती राऊटरच्या मागे साधारण दोन प्रकारची भोकं असतात. एक वेगळ्या रंगाचं, त्यावर 'वॅन' लिहिलेलं, बाहेरून येणाऱ्या नेटसाठी. बाकीची तीन-चार 'लॅन' ची, घरातल्या यंत्रांसाठी. राऊटर आपल्या डीएचसीपीचे पत्ते फक्त लॅनच्या बाजूला आणि वायफायवर वाटतो.

भिंतीतली केबल वॅनच्या भोकात लावली असती तर बाकीच्या कॉलेजला काही झालं नसतं. ती लॅनमध्ये गेली. आता राऊटरच्या दृष्टीने अख्खं कॉलेज हेच त्याचं घर. हाक आली की तो प्रामाणिकपणे उत्तर देतो: हा घे पत्ता, आणि बाहेर जायचं दार म्हणजे मी. त्याचं स्वतःचं वॅनचं भोक रिकामं आहे, म्हणजे त्या दारापलीकडे रस्ताच नाही. कम्प्युटरला पत्ता मिळाला, चिन्ह जोडलेलं दिसलं आणि नेट मात्र शून्य.

यात आणखी एक वाईट शक्यता असते. बाजारातले बरेच राऊटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असाच स्वतःचा पत्ता घेऊन येतात. कॉलेजच्या खऱ्या राऊटरचाही पत्ता तोच असेल तर एकाच घर नंबरची दोन घरं तयार होतात. मग खऱ्या सर्व्हरकडून पत्ता घेतलेल्या कम्प्युटरचंही नेट मध्येच जायला लागतं. असा बिघाड शोधणं सगळ्यात त्रासाचं, कारण आकडे बघितले तर सगळं बरोबरच दिसतं.

आणि लाईन जाण्याचा याच्याशी थेट संबंध आहे. लाईन परत आली की लॅबमधले सगळे कम्प्युटर एकदम उठतात. बरेचसे कम्प्युटर आपला जुना पत्ता लक्षात ठेवून 'हाच परत चालेल ना?' असं विचारतात. खरा सर्व्हर मोठ्या फायरवॉलमध्ये किंवा सर्व्हर मशिनमध्ये असेल तर त्याला पूर्ण सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात. घरगुती राऊटर त्याआधीच तयार होतो. तो जुना पत्ता ओळखत नाही, 'हा इथला नाही' म्हणून नाकारू शकतो आणि मग स्वतःचा देतो. आठवडाभर शांत पडलेला बोगस राऊटर म्हणूनच लाईन गेल्याच्या दिवशी अचानक डोकं वर काढतो. लोक मग व्होल्टेजला दोष देतात.

फक्त राऊटरच दोषी नसतो. विंडोजमध्ये नेट वाटून घेण्याची सोय १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. कुणी लॅपटॉपवर ती चालू केली आणि चुकीच्या बाजूला लावली तर तो लॅपटॉपच पत्ते वाटू लागतो. सरावासाठी कम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कम्प्युटर चालवणारे विद्यार्थीही नकळत हेच करून बसतात.

केबलवाल्यांच्या नेटमध्ये हा प्रकार जुना आहे. एका गल्लीतली दहा-वीस घरं एकाच साध्या स्विचला जोडलेली असली आणि एका घरात राऊटर बदलताना केबल लॅनमध्ये गेली की शेजाऱ्यांचं नेट बंद. अनेक ठिकाणी ग्राहकाला युजरनेम-पासवर्ड टाकून पीपीपीओई नावाच्या पद्धतीने जोडतात, तिथे पत्ता डीएचसीपीने दिला जात नाही, त्यामुळे ही भानगड टळते. फायबरमध्येही दोन ग्राहकांच्या डब्यांना एकमेकांशी थेट बोलता येत नाही अशी रचना सहसा असते. पण ही सुरक्षा तुमच्या दारापर्यंतची. दाराच्या आत, ऑफिसच्या स्वतःच्या स्विचवर, ती लागू होत नाही. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. अशा फायबरच्या टोकाला साधा स्विच लावून त्यावरच कार्यालय, सेवा केंद्र आणि कॅमेरे जोडले, तर पुढची जबाबदारी तो स्विच लावणाऱ्याचीच.

कुणी मुद्दाम केलं तर?

आतापर्यंतचा बोगस सर्व्हर बिचारा होता. त्याने फक्त नेट बंद पाडलं. मुद्दाम लावलेला असेल तर नेट बंद पडत नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक. तो दार म्हणून स्वतःचा पत्ता देतो, सगळी वाहतूक स्वतःतून जाऊ देतो आणि पुढे खऱ्या रस्त्याला लावतो. किंवा दार खरंच सांगतो, फक्त डीएनएस आपला देतो. मग बँकेचं नाव टाकलं तरी नंबर कोणाचा मिळेल हे त्याच्या मर्जीवर.

याचं मोठं उदाहरण घडलेलं आहे. डीएनएस चेंजर नावाच्या मालवेअरचं कुटुंब कम्प्युटरची डीएनएस सेटिंग बदलून लोकांना हव्या त्या साइटवर वळवत असे. डिसेंबर २००८ मध्ये त्याचा एक नवा प्रकार समोर आला. तो एका कम्प्युटरमध्ये शिरला की तिथेच छोटा डीएचसीपी सर्व्हर सुरू करायचा आणि त्याच नेटवर्कमधल्या इतर यंत्रांना आपला डीएनएस द्यायचा. त्या इतर यंत्रांमध्ये व्हायरस नव्हता. त्यांचा अँटिव्हायरस काय पकडणार? आजारी एक, पण औषध सगळ्यांना चुकीचं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने या टोळीवरच्या कारवाईची घोषणा केली. एस्टोनियाच्या सहा नागरिकांना अटक झाली होती. १०० हून अधिक देशांतले ४० लाखांहून जास्त कम्प्युटर या मालवेअरच्या तडाख्यात सापडल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. टोळीचे डीएनएस सर्व्हर एकदम बंद केले असते तर या लोकांचं नेटच गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या विषयावर भीती फार पसरवली जाते. आज बँका आणि सरकारी पोर्टल एचटीटीपीएस वापरतात. चुकीच्या डीएनएसने तुम्हाला खोट्या साइटवर नेलं तरी त्या साइटकडे खऱ्या नावाचं प्रमाणपत्र नसतं आणि ब्राउझर मोठी लाल सूचना दाखवतो. म्हणजे पासवर्ड लगेच गेला असं नाही. पण फॉर्मची शेवटची तारीख आहे, मागे रांग आहे आणि स्क्रीनवर 'तरीही पुढे जा' असं बटण आहे. सायबर कॅफेत बसलेला माणूस काय करतो हे सांगायला नको.

व्हीपीएन लावला की काळजी मिटली, असंही म्हणता येत नाही. मे २०२४ मध्ये लेव्हायथन सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी 'टनेलव्हिजन' नावाने एक युक्ती जाहीर केली. डीएचसीपीच्या उत्तरात १२१ क्रमांकाचा एक पर्याय असतो, तो २००२ पासून मानकात आहे. त्यातून कम्प्युटरला जादा रस्ते सांगता येतात. बोगस सर्व्हर त्याचाच वापर करून अनेक व्हीपीएनची वाहतूक बोगद्याच्या बाहेरून वळवू शकतो आणि व्हीपीएन मात्र 'जोडलेलं' दाखवत राहतो. अँड्रॉइड हा पर्याय मानतच नाही म्हणून त्यावर ही युक्ती चालली नाही. यावर सुचवलेल्या उपायांमध्ये स्विचवरचाही एक उपाय होता, आणि तो बराच जुना आहे.

स्विचच का?

कम्प्युटरला खरा-खोटा ओळखता येत नाही. सर्व्हरला आपल्याखेरीज कोण उत्तर देतंय हे सहसा कळत नाही. पण या दोघांच्या मध्ये एक यंत्र असतं ज्याला उत्तर कोणत्या भोकातून आत आलं हे पक्कं ठाऊक असतं. ते म्हणजे स्विच. पत्ता खोटा सांगता येतो, नाव खोटं सांगता येतं. पण १७ नंबरच्या पोर्टमधून आलेलं उत्तर २४ नंबरमधून आलं असं स्विचला भासवता येत नाही.

यावरच डीएचसीपी स्नूपिंग ही सोय उभी आहे. स्नूपिंग म्हणजे डोकावून बघणं. ती चालू केली की स्विच प्रत्येक डीएचसीपी संदेश उघडून पाहतो. पोर्टचे दोन प्रकार ठरतात, भरवशाचे आणि बिनभरवशाचे, म्हणजे ट्रस्टेड आणि अनट्रस्टेड. ज्या पोर्टच्या दिशेला खरा सर्व्हर आहे तेवढाच भरवशाचा. बाकी सगळ्या पोर्टमधून पत्ता मागता येईल, देता येणार नाही. त्यातून 'हा घे पत्ता' किंवा 'तुझा पत्ता नाकारला' असा संदेश आला की स्विच तो तिथेच टाकून देतो. स्टाफरूममधला राऊटर बडबडत राहतो, पण त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही.

सोबत स्विच एक वहीही ठेवतो: कोणत्या पोर्टवर, कोणत्या यंत्राला, कोणता पत्ता, किती मुदतीचा. तिला बाइंडिंग टेबल म्हणतात. पुढे कुणी दुसऱ्याचा पत्ता चोरून वापरायचा प्रयत्न केला तर याच वहीवरून तो पकडता येतो. दुसरा एक हल्लाही यातून आवरता येतो. साध्या छोट्या नेटवर्कमध्ये वाटायला साधारण २५४ पत्ते असतात. एखादा प्रोग्राम खोटी नावं लावून काही सेकंदांत ते सगळे मागून संपवू शकतो, म्हणजे खऱ्या सर्व्हरकडे काही उरत नाही आणि मैदान बोगसला मोकळं. एका पोर्टवरून सेकंदाला किती मागण्या घ्यायच्या याची मर्यादा घातली की हा डाव बराच अवघड होतो.

चालू करताना कुठे फसतं?

सोय चांगली आहे, पण घाईत चालू केली तर बोगस राऊटरपेक्षा मोठा गोंधळ होतो. अनेक जण ती एकदा लावून, लॅब बंद पडल्यावर कायमची काढून टाकतात, ते यामुळेच.

पहिली चूक क्रमाची. आधी खऱ्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट भरवशाचा करायचा, मग स्नूपिंग चालू करायचं. उलट केलं तर खऱ्या सर्व्हरचीही उत्तरं अडतात. आणि हे लगेच कळत नाही. संध्याकाळी सेटिंग केली तेव्हा सगळ्यांकडे जुने पत्ते असतात, सगळं छान चालतं. सकाळी कम्प्युटर चालू होतात तेव्हा एकालाही पत्ता मिळत नाही. विंडोज तेव्हा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतं. तो दिसला की समजायचं, डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही.

दुसरी, स्विचची साखळी. तळमजल्यावर एक स्विच, वर दुसरा. खरा सर्व्हर खाली असेल तर वरच्या स्विचवर खाली जाणारा पोर्टही भरवशाचा करावा लागतो. हा जोडणारा पोर्ट विसरला की अख्खा वरचा मजला कोरडा.

तिसरी जरा बारीक, पण तिने भल्याभल्यांचा दिवस खाल्ला आहे. स्नूपिंग चालू केल्यावर काही स्विच पुढे जाणाऱ्या मागणीवर 'ही अमुक पोर्टवरून आली' अशी चिठ्ठी डकवतात. तिला ऑप्शन ८२ म्हणतात. काही सर्व्हर आणि पुढचे स्विच अशी चिठ्ठी लावलेली मागणीच नाकारतात. छोट्या नेटवर्कमध्ये ही चिठ्ठी बहुधा लागत नाही, म्हणून ती बंद केली की काम होतं.

मागण्यांच्या मर्यादेचंही तसंच. एका पोर्टखाली छोटा स्विच आणि त्यावर २० कम्प्युटर असतील, तर लाईन आल्यावर वीसही जण एकदम हाक मारतात. मर्यादा फार कमी ठेवलेली असेल तर स्विचला तो हल्ला वाटतो आणि तो पोर्टच बंद करून टाकतो. आपल्याकडे लाईनचा खेळ बघता हा आकडा थोडा सैल ठेवलेला बरा.

आणि एक मर्यादा अशी, जी कोणत्याही सेटिंगने जात नाही. स्विच फक्त स्वतःतून जाणारंच अडवू शकतो. वर्गातल्या पाच कम्प्युटरसाठी साधा, बिनसेटिंगचा पाच पोर्टचा डबा लावला असेल आणि बोगस राऊटरही त्याच डब्यावर असेल, तर ते पाच कम्प्युटर फसणारच. बाकीचं कॉलेज वाचेल एवढंच.

म्हणून खरेदीच्या वेळीच बघायला हवं. बाजारात अनमॅनेज्ड स्विच मिळतात, त्यात सेटिंग नसतेच. मॅनेज्ड आणि स्मार्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग असतं, पण प्रत्येकात असतंच असं नाही. शाळा किंवा कार्यालयासाठी जेम पोर्टलवरून मागवताना '२४ पोर्ट, गिगाबिट' एवढं लिहून भागत नाही. स्नूपिंग आहे का, ही एक ओळ मागणीपत्रात असावी लागते. स्थानिक नेटवाल्यांकडे बऱ्याचदा मिक्रोटिकचे राऊटर असतात. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ६.४३ आवृत्तीपासून ब्रिजवर स्नूपिंग करता येतं, शिवाय अनोळखी डीएचसीपी सर्व्हर दिसला की इशारा देण्याची वेगळी सोय आहे.

आयपीव्ही६ चं खातं वेगळं. तिथे पत्ते देण्याची पद्धत निराळी असल्याने वरच्या स्नूपिंगने ती बाजू झाकली जात नाही. त्यासाठी आरए गार्ड आणि डीएचसीपीव्ही६ गार्ड अशा स्वतंत्र सोयी आहेत. 'आमच्याकडे आयपीव्ही६ नाहीच' हे उत्तर पुरेसं नाही, कारण तुम्ही वापरत नसलात तरी विंडोज त्याचीही चौकशी करतच असतं.

स्विच साधाच असेल तर बोगस कसा शोधायचा?

बिघडलेल्या आणि चांगल्या अशा दोन कम्प्युटरची तुलना करायची. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' ही कमांड दिली की बरीच माहिती येते. त्यात 'डीएचसीपी सर्व्हर' आणि 'डिफॉल्ट गेटवे' या दोन ओळी बघायच्या. दोन कम्प्युटरवर त्या वेगळ्या असतील तर पत्ते वाटणारे दोघे आहेत हे जवळपास नक्की. मोबाईलवरही वायफायच्या तपशिलात गेटवे दिसतो. दोन्हीकडे आकडे सारखेच असूनही बिघाड असेल तर 'एआरपी डॅश ए' या कमांडने त्या पत्त्यामागच्या यंत्राचा मॅक ॲड्रेस बघायचा. तो दोन कम्प्युटरवर वेगळा दिसला तर एकाच नंबरची दोन घरं सापडली.

मॅक ॲड्रेसचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा कंपनी सांगतो. त्यावरून किमान एवढं कळतं की शोधायचा आहे तो डबा कोणत्या कंपनीचा. एवढ्यावरच पुष्कळदा कुणीतरी म्हणतं, "अरे, तो तर आम्ही मागच्या आठवड्यात स्टाफरूमला लावला." नाहीच कळलं तर बिघडलेल्या कम्प्युटरवरून त्या बोगस पत्त्याला सतत पिंग करत ठेवायचं आणि स्विचवरून एकेक केबल काढून बघायची. ज्या केबलला उत्तर थांबेल, तीच. लॅब चालू असताना हे करायचं म्हणजे प्रत्येक केबलला कुणाचा तरी आरडाओरडा ऐकायची तयारी हवी.

डबा सापडून काढला तरी काही कम्प्युटर लगेच सुधारत नाहीत. त्यांच्याकडे बोगस पत्त्याची मुदत शिल्लक असते. ते रीस्टार्ट करायचे, किंवा 'आयपीकॉन्फिग' लाच 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' जोडून नवा पत्ता मागायचा.

स्टाफरूमला वायफाय हवंच असेल तर?

ती गरज खरी आहे, आणि राऊटर जप्त करून ती संपत नाही. दुसरा कुणीतरी दुसरा डबा घेऊन येईल. तोच राऊटर नीट लावता येतो. बऱ्याच राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो निवडला की राऊटर पत्ते वाटणं सोडून फक्त वायफाय देतो. तो नसेल तर राऊटरमध्ये शिरून डीएचसीपी बंद करायचं, त्याला नेटवर्कमधला एक मोकळा पत्ता द्यायचा आणि मग केबल लॅनच्या भोकात लावायची. हे सगळं नेटवर्कला जोडण्याआधी, एका लॅपटॉपला जोडून करायचं. त्यात एक धोका आहे. रीसेटचं बटण दाबलं गेलं की राऊटर पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा होतो आणि वाटप पुन्हा सुरू.

त्या वेळी स्नूपिंग चालू असेल तर लॅबमध्ये कुणाला काही जाणवत नाही. फक्त स्विचच्या नोंदीत एक ओळ पडू शकते: अमुक मॅक ॲड्रेस, पोर्ट १७, भरवशाचा नसलेल्या पोर्टवरून डीएचसीपीचं उत्तर, टाकून दिलं. आता १७ नंबरची केबल कोणत्या खोलीत जाते हे लिहिलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम. स्विचवर आणि भिंतीतल्या सॉकेटवर नंबर टाकलेले नसतील, तर एकाने स्विचपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने खोल्याखोल्यांतून केबल हलवत ओरडायचं, "ही का?"